गेला म्हणून सांग

“माती कुठाय तुमच्यात?” अस्लम दरवाजकरने विचारलं.

तो आमच्या अंगणाच्या मधोमध उभा होता. हातात हिरव्या जाड वायरीचं वेटोळं, काखेत कमरेएवढी लोखंडी सळई. गच्चीवर टीव्हीची छत्री बसवून नुकताच खाली उतरला होता, आणि जमिनीकडे बघत अंगणभर फिरत होता.

“माती नाही आमच्यात, फरशी आहे,” माझे वडील व्हरांड्यातल्या खुर्चीतून म्हणाले. माती बाळगणं हे हलक्या घराचं लक्षण असावं, असा त्यांचा थाट होता.

आबा, म्हणजे माझे वडील, आजऱ्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. जन्मभर कर्ण्यातून गाड्या पुकारल्यामुळे घरात मीठ मागायचं झालं तरी सगळ्या प्रवाशांना सूचना द्यावी तसं मागायचे. त्या वर्षी होळीच्या सुमाराला छातीत कळ आली, कोल्हापूरला नेऊन दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहायचं आणि आवाज चढवायचा नाही. दुसरी अट आम्हा घरच्यांना फार आवडली होती. पण पडून राहिलेला कंट्रोलर काय करणार? आमचा जुना टीव्ही मागच्या वळवात वीज पडून जळला होता. मग आबा स्वयंपाकघर कंट्रोल करू लागले. फोडणी किती वाजता पडली, भात उशिरा का सुटला. शेवटी आईने सांगितलं, एक तर घरात टीव्ही येईल, नाहीतर मी माहेरी जाईन. म्हणून टीव्ही आला, छत्री आली आणि अस्लम आला.

“कंट्रोलरसाहेब, छत्री म्हणजे गच्चीवर विजेला दिलेलं आवतण,” अस्लम म्हणाला. “तिची ही वायर सरळ, जवळच्या वाटेनं ओल्या मातीत गेली पाहिजे. वाटेत गाठ नको, वळण नको. त्याशिवाय मी टीव्हीला केबल जोडत नाही.”

“घराला अर्थिंग आहे की. त्यालाच जोड.”

“कुठाय?”

आबांनी फरशीच्या एका कोपऱ्याकडे हात केला. “त्याच्याखाली.”

अस्लमने फरशी बघितली, आबांकडे बघितलं. मग पिशवीतून होल्डरला जोडलेला एक बल्ब काढला, एक टोक बोर्डात, दुसरं अर्थिंगच्या वायरीला लावलं. बल्ब पेटला म्हणायचा, एवढंच. काजव्याची त्याच्याशी तुलना केली असती तर काजवा रुसला असता.

“कोरडं पडलंय. दोन वर्षं पाणी बघितलं नाही त्यानं,” अस्लम म्हणाला. “ही एक फरशी उचलू या, खाली मीठ-कोळसा घालतो, पाणी सोडतो.”

“फरशीला हात लावायचा नाही,” आबा माझ्याकडे बोट करत म्हणाले. “पंधरा दिवसांवर हिचं लग्न आलंय. व्याही येणार आहेत. त्यांना काय खड्डा दाखवू?”

अस्लमने मान डोलावली, टाचा उंचावल्या आणि कमरेएवढ्या भिंतीवरून पलीकडे बघितलं. त्याचा चेहरा एकदम खुलला. पलीकडे काळीभोर, ओलीगच्च माती होती. रोपांच्या पिशव्यांच्या रांगा होत्या, आणि नुकतंच पाणी घातल्याने सगळं घमघमत होतं.

“ही काय माती. भिंतीला लागूनच. चार फुटांचं काम. कुणाचं आहे हे?”

आई पदराने ओठ पुसत आत गेली. मी वर आभाळाकडे बघितलं. आबांनी वर्तमानपत्र उघडलं, तेही कालचं.

ते होतं रंगाकाकांचं, आबांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं.

रंगाकाकांची रोपवाटिका. आख्ख्या तालुक्यातली आंब्या-काजूची कलमं त्यांच्या हातची. ते आणि शेवंताकाकू, दोघंच. त्यांना मूलबाळ नाही. माझ्या बारशालाच आईने काकूंच्या ओटीत मला घालून सांगितलं होतं, हिचं कन्यादान तुम्ही दोघांनी करायचं. त्या दिवसापासून ते ठरलेलं. काकूंनी त्यासाठी काशाचं ताट घेऊन ठेवलं होतं आणि दर दिवाळीला ते चिंचेने लखलखीत घासून पुन्हा फडक्यात बांधून ठेवत. मला सायकल काकांनी शिकवली, पोहायला काकांनी शिकवलं, आणि आबांना न कळता सिनेमालाही काकांनीच नेलं. लग्नात माझा हात दुसऱ्या कुणी दिलेला मला चालणारच नव्हता.

आणि दोन वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण ही फरशी. आबा रिटायर झाले, पैसे हातात आले आणि चिखलाचा वीट आला म्हणून त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत अंगण फरशीने मढवलं. माझ्या जन्माच्या वर्षी काकांनी लावलेला सोनचाफा मध्ये येत होता, तोही काढला. काका तेव्हा कलमांची गाडी घेऊन गोव्याकडे गेले होते. परत आले तर झाडाच्या जागी चकचकीत चौकोन. ते भिंतीशी उभे राहिले, आणि नंतर जे झालं ते साऱ्या गल्लीने ऐकलं.

“दादा, मूठभर मातीला महाग होशील तू एक दिवस.”

“मूठभर माती मागायला तुझ्याकडं आलो तर तोडकराचं नाव लावणार नाही.”

“नको येऊस. मीसुद्धा, तू गेल्याचं कानावर येईल तेव्हाच तुझा उंबरा ओलांडीन.”

दोघेही शब्दाचे पक्के. म्हणजे आईच्या भाषेत, दोघेही सारखेच आडमुठे. आबा दवाखान्यात असताना काका रोज यायचे, पण आबांना झोप लागली की. दवाखान्याचा उंबरा काही आबांचा नव्हे, हा त्यांचा हिशेब. आबांनी डोळे उघडायच्या आत ते जिना उतरलेले असायचे. मी दोनदा त्यांना गाठलं. “तुझ्या बापाला सांगू नकोस,” एवढंच म्हणाले.

लग्न ठरलं, पत्रिका छापून आल्या. भाऊबंदांना पत्रिका पोस्टाने धाडत नाहीत, हातावर अक्षत ठेवून बोलवावं लागतं. सगळ्या गावाला अक्षत गेली, भिंतीपलीकडे गेली नाही. “त्यानं आधी उंबरा ओलांडावा,” आबा म्हणायचे. “दादानं आधी हाक मारावी,” काका काकूंना म्हणायचे, आणि काकू ते भिंतीवरून कढीपत्त्याबरोबर आईला पोचवायच्या. शेवटी आबांनी गुरुजींना सांगून टाकलं की कन्यादानाला आम्ही नवरा-बायकोच बसू. ते ऐकून मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले, कारण पुरणपोळी होती, पण रडतच जेवले.

तर अशा घरात उभा राहून अस्लम विचारत होता, ही माती कुणाची.

“त्या मातीचं नाव काढू नकोस,” आबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

“मग छत्री काढून घेऊन जातो. मागच्या खेपेला टीव्हीवर भागलं. खुर्चीत टीव्ही बसलेला नसतो, माणूस बसलेला असतो.”

आईने आतून माझ्याकडे बघितलं. भिंतीपलीकडे पाण्याची झारी खाली ठेवल्याचा आवाज आला. काका तिथेच कुठेतरी होते. मग आबांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

“आधी चित्र येतंय का बघू. चित्रच नसेल तर मातीचा वाद कशाला? तात्पुरती जोड, छत्री फिरव. दिसतंय का ते मी आतून सांगतो.”

“आभाळ निरभ्र आहे म्हणून जोडतो. सिग्नल बघून झाला की काढून टाकणार,” अस्लम म्हणाला आणि गच्चीवर गेला.

छत्री फिरवायची रीत तेव्हा सगळ्यांना ठाऊक होती. एक जण वर, एक जण टीव्हीपुढे आणि एक जण मध्ये ओरडायला. आबांना आवाज चढवायची बंदी, त्यामुळे ओरडणं माझ्याकडे आलं. मी अंगणात उभी राहिले, नेमकी भिंतीजवळ, कारण गच्चीचा कठडा तिथूनच दिसायचा.

“आला का?” वरून अस्लम.

मी खिडकीकडे बघितलं. आतून आबांचा हात हलला. “गेला म्हणून सांग.”

“गेला,” मी ओरडले.

“आता?”

“गेला म्हणून सांग. जरा मोठ्यानं. ऐकू गेलं पाहिजे त्याला.”

“गेला ओ, गेला,” मी घसा खरवडून ओरडले.

“अहो असं कसं? इथं मशिनवर तर फुल्ल दाखवतंय,” अस्लम म्हणाला. “आता बघा.”

“पूर्ण गेला म्हणून सांग.”

“पूर्ण गेला.” ओरडून ओरडून माझा आवाज चिरकला होता. लग्नाच्या आधी घसा बसतोय, काका येत नाहीत आणि हा माणूस नुसती छत्री फिरवतोय, सगळ्याचा मला इतका वैताग आला की शेवटचं ‘गेला’ ओरडताना मला खरंच रडू फुटलं.

आणि फाटक वाजलं.

रंगाकाका आत आले. नेहमी बंडीवर, गुडघ्यापर्यंत मातीत माखलेला माणूस. त्या वेळी अंगात पांढरा इस्त्रीचा सदरा होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्यावर टोपी आणि पाय धुतलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. फरशी ओलांडली, पायऱ्या चढले, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले आणि उजवा पाय आत टाकला.

“दादा,” त्यांनी हाक मारली. “दादा, कधी गेलास रे?”

मी धावत दाराशी गेले. आत आबा रिमोट हातात घेऊन खुर्चीत बसलेले. टीव्हीचं तोंड त्यांच्याकडे, पाठ आमच्याकडे.

“अजून आहे,” आबा म्हणाले. “का? घाई होती?”

“ही ओरडत होती की, गेला गेला म्हणून.”

“काका, ते सिग्नलचं,” मी म्हटलं. “टीव्हीचा सिग्नल गेला.”

“असं होय,” काका म्हणाले. “मला काय कल्पना. मला वाटलं, हाच गेला.”

आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात धरून उभी होती. तेव्हा मला वाटलं, ती रडते आहे.

“उंबरा ओलांडलास तू, रंगा,” आबा म्हणाले.

“शब्द मोडलेला नाही मी. गेल्याचं कानावर आलं, म्हणून आलो.”

“ते खरं. कानावर तर आलं.”

“मग निघू?”

“आता आलाच आहेस तर बस. चहा ठेवलाय.”

चहा ठेवलेला नव्हता. आई पळत आत गेली.

काका खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. दोन वर्षांनी भेटलेले दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. इतक्यात अस्लम घाम पुसत खाली आला. त्याने टीव्हीकडे बघितलं, आबांकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या आईने त्याच्या हातात लाडवाची बशी दिली.

“हा कोण?” काकांनी विचारलं.

“छत्रीवाला. याला माती पाहिजे,” आबा म्हणाले. “मी मागत नाही. मी मागणारही नाही. याला पाहिजे.”

काका अस्लमकडे वळले. “किती पाहिजे?”

“ही सळई मावेल एवढी. भिंतीला लागून. ओल मात्र कायम पाहिजे.”

“माझ्याकडं बाराही महिने ओल असते. लोकांच्यासारखं मी फरशीखाली गाडत नाही.”

आबांचा जबडा हलला, पण आवाज चढवायची बंदी होती. त्या बंदीचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

मग सगळी वरात भिंतीशी आली. काकांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि पलीकडे जाऊन स्वतः खड्डा घेतला. आईने खडे मीठ दिलं, शेवंताकाकूंनी चुलीतला कोळसा आणला. सळई ठोकली, मीठ-कोळसा घातला, माती लोटली. वायर आमच्या गच्चीवरून सरळ भिंतीवर आली आणि भिंत ओलांडून काकांच्या मातीत शिरली. आबा दोन वर्षांत पहिल्यांदा भिंतीला हात टेकून पलीकडे बघत उभे होते. अस्लमने पुन्हा बल्ब लावला. लख्ख पेटला.

“याला रोज तांब्याभर पाणी लागणार, उन्हाळाभर,” अस्लमने बजावलं.

“मी घालीन,” काका म्हणाले.

“छत्री माझी आहे,” आबा म्हणाले. “पाणी मी घालणार.”

“भिंतीवरून हात पुरणार आहे का तुझा?”

“पुरणार नाही. फिरून येईन.”

काकांनी फावडं खाली ठेवलं. आबांनी माझ्याकडे न बघताच हात मागे केला. “वैजू, अक्षतेची वाटी आण. आणि पत्रिका.”

वाटी घेऊन मी एवढी धावत आले की निम्मे तांदूळ आबांच्या लाडक्या फरशीवर सांडले. आबांनी भिंतीवरून काकांच्या मातीच्या हातावर अक्षत ठेवली, काकूंच्या हातावर ठेवली.

“कन्यादानाला तूच बसणार म्हणून ऐकलं,” काका खाली बघत म्हणाले.

“गुरुजींच्या ऐकण्यात चूक झाली असेल,” आबा म्हणाले. “त्यांचं वय झालंय.”

शेवंताकाकू तिथून तडक घरात गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या खिडकीतून ताट घासल्याचा आवाज यायला लागला.

केबल पक्की जोडून झाल्यावर अस्लम निघाला. मी फाटकापर्यंत गेले. तो मला हळूच म्हणाला, “ताई, वडिलांचे डोळे तपासून घ्या. चित्र पहिल्या फेरीतच स्वच्छ आलेलं होतं. मी खाली आलो तेव्हा टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, आवाज बंद करून.”

मी मागे वळून बघितलं. आबा खुर्चीत टेकून, डोळे मिटून, कंट्रोलर असताना शेवटची गाडी सुटल्यावर बसायचे तसे बसले होते.

काका-काकूंनी माझा हात दिला. ताटात माझं तोंड दिसत होतं, इतकं ते घासलेलं होतं. काका सगळ्या विधीभर रडले आणि धूर लागतोय म्हणून होमाला नावं ठेवत राहिले.

आबा मला पुढे कितीदा तरी एकांतात सांगायचे, “रंगाला मी असा फसवून आणला बघ. बिचाऱ्याला अजून पत्ता नाही.” मी हसायचे. कारण मधल्या काळात एका दुपारी लोणच्याच्या फोडी करताना शेवंताकाकूंनी मला दुसरी बाजू सांगितली होती.

“फसलेत कसले,” काकू म्हणाल्या. “भिंतीमागं स्टूल टाकून सकाळपासून ऐकत बसले होते. तू पहिल्यांदा ‘गेला’ ओरडलीस तसे उठले आणि मला म्हणाले, पांढरा सदरा काढ. मी म्हटलं, अहो, टीव्हीचं चाललंय ते. तर म्हणाले, मला ठाऊक आहे, हळू बोल. पोरगी बापाला ‘गेला’ म्हणेल होय? ‘गेले’ म्हणेल. पण दादा आतून ओरडायला सांगतोय, म्हणजे मला बोलावतोय. मग पाय धुतले, टोपी घातली, आरशात बघितलं. तोपर्यंत तू बिचारी ओरडतच होतीस.”

म्हणजे माझा घसा बसला तो काकांना बटणं लावायला वेळ लागला म्हणून. मी हे आबांना सांगितलं नाही आणि आबांचं काकांना सांगितलं नाही. दोघेही आपण दुसऱ्याला फसवलं या खुशीत होते. रोज संध्याकाळी आबा तांब्या घेऊन फाटकातून फिरून पलीकडे जायचे, सळईपाशी पाणी ओतायचे आणि तासभर तिथेच स्टुलावर बसून काकांना कलमं कशी बांधावीत ते शिकवायचे. काका ऐकून घ्यायचे.

अशी बरीच वर्षं गेली. एका मार्गशीर्षात मी माहेरी आले होते. सकाळी आबांना चहा द्यायला गेले. ते टीव्हीपुढे खुर्चीत होते, रिमोट मांडीवर, मान एका बाजूला कललेली. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, चित्र अगदी स्वच्छ होतं.

आईला सावरून मी अंगणात आले. पलीकडे काका वाकून रोपांना पाणी घालत होते. मला हाक मारवेना. मी भिंतीला धरून कशीबशी बोलले.

“काका, गेले.”

झारी त्यांच्या हातातून सुटली. कोण, कधी, काही विचारलं नाही. ते फाटकाकडे वळलेच नाहीत. त्या वयात भिंतीवर पोट टेकून अलीकडे उतरले, बंडीवर, अनवाणी, कोपरापर्यंत मातीने भरलेले. फरशीवर त्यांच्या पायांचा चिखल उमटत गेला. उंबऱ्यापाशी येऊन थांबले आणि आत न बघता त्यांनी माझा हात धरला.

“वैजू,” काका म्हणाले, “गेला म्हण गं. एकदा गेला म्हण.”